किल्ल्यावर पावसात उघड्या पडलेल्या वस्तू: ओळखायच्या कशा, ठेवायच्या कशा?

दुर्गसेवक_शीव

नमस्कार मंडळी,

मुंबईतल्या एका किनारी किल्ल्यावर दिवाळीआधी आमच्या गटाची साफसफाई मोहीम आहे. किल्ल्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असे धागे वाचून कुदळ घेऊन पोचणारेही असतात. यंदाच्या पावसात समुद्राकडच्या बुरुजाखालचा उतार दहा-बारा फूट रुंदीत खचला. खाली आलेल्या मातीवर नुसत्या डोळ्यांना या वस्तू दिसतात:

पांढऱ्या मातीच्या बारीक नळीचे बोटभर तुकडे, खडूसारखे, मधून आरपार भोक. काळपट हिरव्या जाड काचेचं बाटलीचं बूड, आतून वर उचललेलं. निळ्या नक्षीच्या पांढऱ्या बशीचे तुकडे. बोराएवढी, पांढरट भुकटी धरलेली जड गोळी. हिरवी पडलेली तांब्याची चकती, नाणं की बटण ते कळत नाही. लाल खापराच्या, कडा घासून गोल केलेल्या चार चकत्या. आणि '१८६५' असा आकडा उठवलेल्या कौलाचा अर्धा तुकडा.

एक, या वस्तू कोणत्या काळातल्या ते घरच्या साधनांनी कितपत ठरवता येईल? दोन, धुवायच्या का, आणि कशाने? तीन, जवळच्या शाळेत छोटं प्रदर्शन मांडायचा विचार आहे, ते चालेल का? तोफा, शिलालेख यांच्याबद्दल वाचायला भरपूर मिळतं. या बारीकसारीक वस्तूंबद्दल मराठीत फारसं हाती लागलं नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

---

जागानोंद

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावरच बाकीचं अवलंबून आहे. किल्ला संरक्षित असेल (केंद्राचा १९५८ चा कायदा किंवा राज्याचा १९६० चा) तर तिथे परवानगीशिवाय खोदता येत नाही आणि वस्तू उचलून घरी, कार्यालयात किंवा शाळेत नेता येत नाहीत. किल्ला संरक्षित नसला तरी १८७८ चा निखात निधी कायदा आहेच. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि दहा रुपयांची ही मर्यादा कायद्यात तशीच आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू 'पुरावस्तू' ठरते. म्हणून मोहिमेआधी पत्र द्या. किल्ला राज्याच्या यादीतला असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, केंद्राचा असेल (उदाहरणार्थ वसई) तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला. पत्रासोबत फोटो जोडा आणि नोंदीची परवानगी मागा. शाळेतलं प्रदर्शन फोटो आणि मोजमापांवर उत्तम होतं.

आता उताराबद्दल. घसरलेल्या मातीत थरांचा क्रम उलटसुलट झालेला असतो. वरचं खाली, खालचं वर. त्या ढिगात वस्तू किती खोल होती याला काही अर्थ उरत नाही. पण माती निसटल्यावर मागे जी उभी कड राहिली आहे, ती सोन्यासारखी आहे. तिथे थर जसेच्या तसे कापलेले दिसतात: राखेचा काळा पट्टा, चुन्याच्या गिलाव्याचा पांढरा, विटांच्या चुऱ्याचा लाल. ती कड खुरप्याने 'नीट' करू नका, बाहेर डोकावणारी खापरी ओढू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, मोजपट्टी उभी धरून समोरून फोटो घ्या आणि कडेवर प्लास्टिक टाकून ठेवा. पुढचा पाऊस ती अजून खाईल.

फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं, त्याच्यावर विसंबू नका. बुरुजाचे दोन पक्के कोपरे ठरवा आणि प्रत्येक वस्तूचं दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर टेपने मोजा. दोन आकडे आणि उताराची बाजू एवढ्यावर जागा कागदावर पुन्हा बसवता येते. टेप ताठ आणि आडवा धरा. उतारावरून लोंबता टेप अंतर जास्त दाखवतो आणि सगळा नकाशा फसतो.

ज्या वस्तू उचलायची परवानगी मिळेल, त्यांच्या पिशवीत शिसपेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते, बाहेरचा मार्कर दोन महिन्यांत पुसट होतो. किल्ला, तारीख, जागेचा क्रमांक, नग किती, एवढं पुरे.

आणि काळ ठरवताना एक नियम कधी मोडू नका: थराचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून ठरतं. पन्नास जुन्या खापऱ्यांखाली एक दातेरी पत्र्याचं बाटलीचं बूच निघालं, तर तो थर १८९२ नंतरचाच. त्या बुचाचं पेटंटच तेव्हाचं आहे.

---

खापरवेध

पांढऱ्या नळ्या म्हणजे युरोपीय मातीच्या चिलमींच्या दांड्या. पांढऱ्या चिकणमातीच्या, साच्यात दाबून, आत तार घालून भोक पाडलेल्या. दांडी लांब आणि ठिसूळ असल्यामुळे एकेक चिलीम मोडून बरेच तुकडे होतात, म्हणून इंग्रज शिपाई जिथे राहिले तिथे त्या हमखास सापडतात. आधी एक घोटाळा टाळा. जुन्या वायरिंगमध्ये भिंतीतून तार नेण्यासाठी चिनी मातीच्या नळ्या वापरत. त्यांना बाहेरून चकाकी असते आणि भोक बरंच मोठं असतं. चिलमीची दांडी मॅट, खडूसारखी असते आणि भोक पावणेचार मिलिमीटरच्या आतलं असतं.

या भोकावरून काळ काढता येतो. १९५४ साली पुरातत्त्वज्ञ हॅरिंग्टन यांनी अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या इंग्रजी चिलमी मोजल्या आणि दाखवलं की भोक काळागणिक बारीक होत गेलं. मोजमाप इंचाच्या चौसष्टाव्या भागात होतं. ढोबळ क्रम असा: १६५० ते १६८० मध्ये ७, १६८० ते १७१० मध्ये ६, १७१० ते १७५० मध्ये ५, १७५० ते १८०० मध्ये ४. मुंबईत कंपनीचा अंमल १६६८ पासून, त्यामुळे तुम्हाला बहुतेक याच पट्ट्यातले तुकडे मिळतील.

मोजायला व्हर्नियर घेऊ नका, त्याचे जबडे एवढ्या बारीक भोकात नीट बसत नाहीत आणि कड झिजवतात. नागदेवी स्ट्रीटवर इंची ड्रिल बिट सुटे मिळतात. ४/६४ ते ९/६४ असे सहा घ्या (१.६ मिमी ते ३.६ मिमी, प्रत्येक पायरी ०.४ मिमीची). बिट उलटा धरा, धारेची बाजू हातात आणि गुळगुळीत दांडा भोकात. जो जोर न लावता आत जातो पण हलत नाही, तो आकडा लिहा. आधी भोकातली माती ओल्या बांबूच्या काडीने काढा. तारेने काढलीत तर भोक मोठं होतं आणि चिलीम वीस-तीस वर्षांनी म्हातारी होते.

एका तुकड्यावरून काही ठरत नाही. चिलमीची दांडी ओठांकडे निमुळती होत जाते, कारागिरांच्या तारा वेगवेगळ्या असतात, आणि डच चिलमींना हे कोष्टक नीट लागू पडत नाही. सगळ्या तुकड्यांची सरासरी घ्या. चिलमीच्या तंबाखू भरायच्या वाटीचा तुकडा मिळाला तर तो दांडीपेक्षा जास्त बोलतो. तंबाखू महाग होती तेव्हाच्या वाट्या इवल्याशा, पुढे मोठ्या होत गेल्या. वाटीच्या तळाशी टाच असेल तर तिच्यावर कारागिराची अक्षरं आहेत का, ते तिरप्या उजेडात पाहा.

बशीचे तुकडे. आधी मोडलेली कड बघा, नक्षी नंतर. कड काचेसारखी, एकजीव आणि बारीक तुकडा उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार येत असेल तर ती खरी पोर्सेलीन, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बहुधा चीनमधूनच आलेली. कड खडूसारखी असेल, पाण्याचा थेंब शोषत असेल, तर ते बहुधा इंग्लंडमधलं झिलई दिलेलं मातीचं भांडं. मग बुडाची कडी पाहा. कडीच्या खाचेत झिलई साचते तिथे पिवळट-हिरवी झाक असेल तर क्रीमवेअर, १७६० च्या दशकापासूनचं. निळसर झाक असेल तर पर्लवेअर, साधारण १७७९ नंतरचं. नक्षी कुंचल्याची की छापाची, तेही बघा. कुंचल्याच्या रेघेची जाडी बदलते आणि रंग एका टोकाला साचतो. छापात बारीक टिंबं किंवा कोरीव रेघा दिसतात आणि कागदाचा जोड कुठेतरी चुकलेला असतो. बुडावर 'मेड इन' अमुक देश असं इंग्रजीत असेल तर प्रश्न जवळपास मिटला, ती बहुधा विसाव्या शतकातली.

बाटलीचं बूड: मधला उंचवटा आणि त्याच्या टोकाशी खरबरीत वण असेल तर ती फुंकून केलेली. फुंकल्यावर तोंड घडवताना बूड ज्या सळईवर धरलं, ती तोडल्याचा तो वण. साच्याची शिवण मानेवरून थेट ओठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. मानेत दोन चिमटे दिसले तर गोटी सोड्याची, ते पेटंट १८७२ चं. काचेवर इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा असेल तर तो खरवडू नका. काचेतला क्षार ओलाव्याने निघून गेल्यामुळे तो तयार झाला आहे आणि तो काचेचाच भाग आहे.

धुण्याबद्दल: झिलईची भांडी आणि चिलमी साध्या पाण्यात, मऊ दातघाशीने. साबण नको. लाल, कच्च्या भाजणीची खापरं आणि आतून काजळी धरलेले हंडीचे तुकडे अजिबात धुऊ नका, नुसती माती सुकवून झटका. त्या काजळीत काय शिजलं याचा अंश असू शकतो. वाळवताना उन्हात नको, जाळीच्या ट्रेमध्ये सावलीत. समुद्राचं पाणी मुरलेल्या खापरीवर सुकल्यावर मिठाचा पांढरा फुलोरा येतो आणि झिलई पापुद्र्यासारखी उडते. तसं दिसलं तर पुन्हा साध्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदला. फुलोरा थांबला की मगच सुकवा. जोडायला फेविक्विक कधीच नको.

---

धातुजतन

जड पांढरट गोळी शिशाची, तुपकेची म्हणजे जुन्या बंदुकीची. पांढरी भुकटी म्हणजे शिशाचा गंज, तो विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर हात धुवा, मुलांच्या हातात देऊ नका. भुकटी घासून काढू नका, खालचा पृष्ठभाग तिच्याच आधाराने टिकलेला असतो.

गोळीला आरपार भोक असेल तर ते जाळ्याचं वजन आहे, कोळीवाड्याजवळच्या किल्ल्यांवर हा गोंधळ नेहमी होतो. भोक नसेल तर वजन करा. चेपलेल्या गोळीचा व्यास मोजता येत नाही, पण वजनावरून निघतो. शिशाच्या गोळीचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा घन गुणिले ०.००५९४. वजन ३२ ग्रॅमच्या आसपास आलं तर मूळ व्यास साडेसतरा मिलिमीटर. ब्रिटिश पायदळाच्या 'ब्राउन बेस' बंदुकीत हीच गोळी जात असे. त्या बंदुकीची नळी १९ मिमीची होती. हा दीड मिलिमीटरचा फरक चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेला आहे. काळ्या दारूची काजळी प्रत्येक बारानंतर नळीत साठते, आणि घट्ट गोळी चौथ्या-पाचव्या वेळी खाली उतरलीच नसती. गोळीवर साच्याची शिवण आणि छोटा देठ शाबूत असेल तर ती न झाडलेली, पहारेकऱ्याच्या हातून पडलेली. एका बाजूने पोळीसारखी चपटी असेल तर ती कशावर तरी आदळली आहे. असे चपटे नग बुरुजाच्या बाहेरच्या बाजूला एकाच पट्ट्यात आले तर त्या पट्ट्याची जागा फार काळजीने नोंदवा.

जवळपास अंगठ्याच्या पेराएवढा, चौकोनी घडवलेला, काळा किंवा मधाच्या रंगाचा काचेसारखा दगड दिसतो का, तेही शोधा. तो चापाच्या बंदुकीतला चकमकीचा दगड. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये असा फ्लिंट होत नाही, तो बाहेरूनच आलेला असतो. त्याची एक धार ठेचलेली दिसेल, कारण तीच पोलादावर आपटायची.

तांब्याच्या चकतीला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. आम्लाने हिरव्यासोबत अक्षरंही जातात. कोरड्या मऊ ब्रशने माती काढून तिरप्या टॉर्चमध्ये पाहा. तराजू आणि मधे फारसी 'अदल' दिसलं तर कंपनीचं मुंबई इलाख्याचं तांब्याचं नाणं. असे पैसे १७९१ पासून बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पाडून आणले. 'श्री राजा शिव' दिसलं तर शिवराई. पण शिवराई पुढे फार काळ पाडली जात राहिली, तेव्हा ती बघून लगेच शिवकाळ जाहीर करू नका. मागे कडी किंवा कडीच्या मोडीची खूण असेल तर ते बटण. ब्रिटिश पायदळाच्या साध्या शिपायांच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक १७६७ च्या आदेशापासून १८७१ पर्यंत असे, नंतर सगळ्यांना एकच राजचिन्हाचं बटण आलं. क्रमांक वाचता आला तर ती पलटण मुंबईत केव्हा होती हे शोधता येतं, आणि एवढं नेमकं उत्तर देणारी वस्तू किल्ल्यावर दुसरी मिळणं कठीण.

तांब्यावर फिकट हिरवे, भुकटीचे ठिपके असतील आणि झटकल्यावर चार दिवसांत परत येत असतील, तर क्षार आत शिरलाय. तो ओलावा मिळेल तोवर धातू खात राहतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि अशा वस्तूला ती ४० च्या खाली लागते. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. दर महिन्याला बघा, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करा. शिसं मात्र लाकडी कपाटात, प्लायवूडच्या खोक्यात किंवा पुठ्ठ्यात ठेवू नका. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ त्याची भुकटी करते. सागवानी शोकेसमध्ये गोळ्या मांडणं म्हणजे त्या संपवणं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोखंडी गोळा दिसला तर उचलू नका. आधी भोक आहे का पाहा. भरीव गोळ्याला भोक नसतं. बोट जाईल एवढं भोक असेल, किंवा गंजाने बुजलेला गोल डाग दिसत असेल, तर तो आत दारू भरलेला पोकळ गोळा असू शकतो. तिथून सगळ्यांना लांब न्या आणि ११२ वर फोन करा. भरीव असेल तर परिघ मोजा, ३.१४ ने भागून व्यास काढा आणि जागेवर राहू द्या. सहा पौंडी गोळ्याचा व्यास साधारण ८९ मिमी, बारा पौंडी ११२, चोवीस पौंडी १४०. खाऱ्या हवेतलं लोखंड जमिनीतून काढून सुकू दिलं की काही आठवड्यांत कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. ते थांबवायला महिनोन्‌महिने अल्कलीच्या द्रावणात ठेवावं लागतं, आणि ती सोय गटाकडे नसते.

---

कौलारू

कौलाबद्दल आधी, कारण यात पुष्कळजण फसतात. बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या मंगळुरी कौलांवर १८६५ हा आकडा असतो. तो कारखाना सुरू झाल्याचा आहे, ते कौल बनल्याचा नाही. पुढेही तोच ठसा चालू राहिला. म्हणजे तुमचं कौल १८६५ किंवा नंतरचं, एवढंच म्हणता येतं. आकड्याशेजारचं नाव वाचा, कारखान्यावरून जरा जवळ जाता येईल. त्याच्याबरोबर हाताने थापलेली अर्धगोल नळीची कौलं सापडली तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा, ती आधीच्या छपराची असू शकतात.

खापराच्या चकत्या भंगार समजून टाकू नका. फुटक्या मडक्याचा तुकडा घासून गोल केलेला आहे. खेळातल्या ठिकऱ्या, मोजणीच्या सोंगट्या किंवा छोट्या तोंडाच्या भांड्याचं झाकण, तिन्ही शक्य आहे. चारींचे व्यास मोजा. जवळजवळ सारखे आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असतील तर खेळाकडे कल धरता येतो. कडेवर काजळी असेल तर झाकण. आसपासच्या फरशीवर किंवा पायरीवर खळग्यांच्या ओळी कोरल्या आहेत का, तेही बघा. पहाऱ्यावरचे लोक दगडात पट कोरून घेत.

खापरवेध यांनी चिलमींचं छान लिहिलं आहे, त्यात एक भर. या किल्ल्यांवर इंग्रजांपेक्षा देशी शिपाई कितीतरी जास्त असत आणि ते पांढऱ्या चिलमी क्वचितच ओढत. लाल मातीच्या छोट्या चिलमी, गुडगुडीचे तुकडे, जात्याचा अर्धा पाळू, पाट्याचा तुकडा, काळी हंडी, ही त्यांची खूण. निळी बशी उचलून लाल खापर टाकून दिलं तर किल्ल्यातली बहुतेक माणसं नोंदीतून गायब होतात. म्हणून किमान एक चौरस मीटरचा तुकडा ठरवा आणि त्यातलं सगळं मोजा: काठ किती, बूड किती, नुसते पोटाचे तुकडे किती.

शिंपल्यांकडेही बघा. पातळ, चपटा, अर्धपारदर्शक आणि कडा सरळ कापलेला शिंपला मिळाला तर तो जेवणातला नव्हे, खिडकीतला आहे. काचेआधी पोर्तुगीज मुलखात तावदानाला असे शिंपले लाकडी चौकटीत बसवत.

---

दुर्गसेवक_शीव

सर्वांचे मनापासून आभार. पत्र गेलं, नोंदीची परवानगी आली, वस्तू जागेवरच मोजल्या. दांड्या ११: त्यातल्या ७ ला ५/६४ चा बिट बसला, ३ ला ६/६४, एकाला ४/६४. गोळीचं वजन ३१ ग्रॅम, शिवण दिसते. चकतीच्या मागे कडीची मोड आहे, क्रमांक वाचता येत नाही. चकत्या २२, २३, २३ आणि ४१ मिमी, मोठीच्या कडेला काजळी आहे.

---

खापरवेध

सरासरी ५.१८ येते. यावरून वर्ष काढायला पुरातत्त्वज्ञ बिनफर्ड यांचं सूत्र वापरतात: १९३१.८५ वजा ३८.२६ गुणिले सरासरी. उत्तर १७३३ च्या आसपास. पण ११ तुकडे फार कमी आहेत, नोंदीत '१८ व्या शतकाचा पूर्वार्ध, कच्चा अंदाज' असंच लिहा, वर्ष लिहू नका. ६/६४ चे तिन्ही तुकडे उताराच्या एकाच बाजूचे आहेत का ते टेपच्या आकड्यांवरून बघा. तसं असेल तर ती जुन्या थराची घसरण असू शकते, त्यांची सरासरी वेगळी काढा आणि नोंदीही एकत्र करू नका.

चकत्यांमध्ये तीन ठिकऱ्या आणि एक झाकण अशी नोंद करायला हरकत नाही.

---

धातुजतन

३१ ग्रॅम म्हणजे १७.३ मिमी, ब्राउन बेसच्या गोळीला जुळतं. बटण वाचायच्या नादात घासू नका. चारही बाजूंनी तिरपा उजेड टाकून चार फोटो काढा आणि ते संचालनालयाला पाठवा. त्यांच्याकडे एक्स-रेची सोय झाली तर गंजाखालचा आकडा न घासताही दिसू शकतो.